तिसऱ्या वर्षाचं रान

तिला सगळे धाकटी म्हणत. जावांतली शेवटची म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात जे नाव चिकटलं, ते केस पांढरे झाले तरी सुटलं नाही. गुडघे कुरकुरायला लागले, मुलगी लग्न होऊन लांब गेली, पण दूध न्यायला येणारा गाडीवालासुद्धा दारात हॉर्न वाजवून 'धाकटीबाई, कॅन आणा' असंच म्हणायचा. त्याच हिशेबानं तिच्या नवऱ्याला धाकटा म्हणत. तो भावांतला शेवटचा, आणि स्वभावानंही तसाच. मोठे सांगतील त्याला 'बरं' म्हणायची सवय लहानपणी लागली ती लागलीच. मोठे सांगेनासे झाले तेव्हा बायको सांगू लागली, आणि तिलाही तो 'बरं' म्हणू लागला.

घराला लागून त्यांचं उताराचं एक रान होतं. त्या रानात पीक कमी आणि दगड जास्त, असं थोरली जाऊ म्हणायची, आणि ते फारसं खोटं नव्हतं. नांगर फिरला की खालचे दगड वर यायचे. पुरुष ट्रॅक्टरवर बसायचे आणि मागून बायका घमेली घेऊन दगड वेचायच्या. यंदा वेचून संपवावेत तर पुढच्या वर्षी तितकेच पुन्हा हजर. रानालाच दगडांची वीण आहे, असं जाऊ म्हणायची. बांधाला लागून त्या दगडांचा एवढा मोठा ढीग झाला होता की अनोळखी माणसाला तिथे पूर्वी काहीतरी इमारत होती असं वाटावं. इमारत कसली, दोन बायकांच्या पाठी होत्या त्या.

पुरुषांचं म्हणणं, नांगरट म्हणजे शेती. नांगरट नीट तर पुढचं सगळं नीट. ते ऐकायला छान होतं. पण डिझेल होतं, झिजलेले फाळ होते, दरवर्षी काहीतरी मोडायचं आणि मेकॅनिक त्याच आठवड्यात दुसऱ्या गावी गेलेला असायचा. अर्धं पीक ट्रॅक्टर खातो आणि उरलेलं आपण, असं धाकटी म्हणायची. मग धाकटा म्हणायचा, 'खरं आहे', आणि डिझेल आणायला जायचा.

ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स एकदा ऐन नांगरटीत गेला. निम्मं रान नांगरून झालेलं, निम्म्यावर मागच्या पिकाची धसकटं तशीच उभी. मेकॅनिक येतो येतो म्हणत राहिला. पेरणीचे दिवस हातातून जायला लागले तेव्हा धाकटीचं डोकं फिरलं. तिनं टोकदार पहार घेतली, धसकटांतून भोकं पाडत निघाली आणि धाकट्याला मागून बी टाकायला लावलं. नाही उगवलं तर नाही, पण रान रिकामं बघवत नाही, एवढाच तिचा विचार होता. अक्कल वगैरे काही नव्हती त्यात, नुसता राग होता.

काढणीला दोन्ही तुकडे सारखेच निघाले. धाकटीनं पोती दोनदा वजनकाट्यावर चढवून बघितली. फरक इतकाच की न नांगरलेल्या तुकड्याला डिझेल लागलं नव्हतं आणि तिथला एकही दगड वर आला नव्हता. ती त्या धसकटांत कितीतरी वेळ उभी राहिली. इतकी वर्षं कंबरेत वाकून काढली ती कशासाठी, हे तिला कुणाला तरी विचारायचं होतं, पण विचारावं असं जवळपास कोणी नव्हतं.

शहरात अवजारांचा एक सरकारी डेपो होता. तिथे न नांगरता पेरायचं यंत्र भाड्यानं मिळायचं. डेपोचाच ट्रॅक्टर, डेपोचाच माणूस. यंत्राच्या चकत्या मागच्या पिकाचं वाळलेलं काड कापत जायच्या आणि मागे बी पडायचं. तिथल्या बाईनं तिला समोर बसवून साफ सांगितलं, "पहिलं वर्ष वाईट जाईल. दुसरं थोडं कमी वाईट. तिसऱ्या वर्षापासून जमीन साथ द्यायला लागेल. काड जाळायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, तसंच झाकण म्हणून ठेवायचं. आणि मध्ये कंटाळून एकदा जरी नांगर घातलात, तर पुन्हा पहिल्यापासून."

धाकटीनं घरी येऊन नवऱ्यापुढे मांडलं. "तीन वर्षं द्या मला. तिसऱ्या वर्षी पीक नांगरटीच्या बरोबरीनं आलं तर ट्रॅक्टर विकून टाकायचा. नाही आलं तर तुमचा नांगर आणि माझं घमेलं, पुन्हा तोंडातून शब्द काढणार नाही."

"बरं," धाकटा म्हणाला.

पहिल्या वर्षी तण इतकं माजलं की गव्हाला शोधून काढावं लागत होतं. धाकटी रोज खुरपं घेऊन रानात आणि रोज संध्याकाळी चिडलेली. त्यातून रान रस्त्याला लागून, सगळ्या गावाच्या नजरेसमोर. त्या भागात रान नांगरलेलं नसलं की लोक तीनच गोष्टी समजत: घरातलं माणूस गेलं, जमीन विकायला काढली, नाहीतर मालकाला बाटली लागली. थोरला दीर समोरच्याच घरात राहायचा. तो रोज फाटकाशी उभा राहून रानाकडे बघायचा आणि एखाद्या आजाऱ्याला बघून परतावं तसा मान हलवत घरात जायचा. बोलायचा काही नाही. बोलला असता तर धाकटीनं उत्तर तरी दिलं असतं.

दुसऱ्या वर्षी काडाखाली उंदरांनी संसार थाटले. उंदीर आवरले तर गोगलगायी आल्या. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तशी गत. शेजारचा दोरी जनावरांसाठी काड मागायला आला तर धाकटीनं सरळ नाही म्हटलं. दोरी म्हणजे त्यांच्या पलीकडच्या रानाचा मालक. त्याच्या नांगराची रेघ दोरी लावून काढल्यासारखी सरळ यायची, म्हणून ते नाव. मोठ्या मनाचा माणूस. काड दिलं नाही याचं वाईट वाटलं असेल, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. उलट जाताना म्हणाला, "असू दे वहिनी. तुमच्यावर किती ताण आहे ते कळतं आम्हाला."

कसला ताण, हे धाकटीला कळलं नाही. पण त्या दोन वर्षांत गावातले लोक तिच्याशी एकंदरच मऊ बोलायला लागले होते. दुकानदारीण पिशवी दारापर्यंत आणून द्यायची. दूधवाला कॅन स्वतः उचलायचा. 'कसं आहे आता त्यांना?' असं कोणी ना कोणी विचारायचं, आणि धाकटी आपली 'बरं आहे' म्हणायची; माणसं विचारतातच. तिची समजूत अशी की लोकांना तिच्या हिकमतीचा हळूहळू आदर वाटायला लागलाय. माणसाला आदर हवा असला की तो कुठेही दिसतो.

आणि खरंच, तिसऱ्या वर्षी रान पालटलं. पेरणी अजून व्हायची होती, पण काड बाजूला सारून खुरपं टेकवलं की ते जोर न लावता आत जायचं. पूर्वी सर आली की पाणी मातीसकट रस्त्यावर यायचं, आता जागच्या जागी मुरायचं. ढेकूळ हातात घेतलं की भुगा व्हायचा आणि त्यात गांडुळं. धाकटी ती माती ओंजळीत घेऊन थोरल्या जावेच्या स्वयंपाकघरात गेली.

"अक्का, वास घ्या."

"मातीचाच येतोय की," जाऊ म्हणाली.

"तोच तर. आधी येत होता का?"

जावेनं तिच्याकडे जरा काळजीनं बघितलं आणि बसायला खुर्ची दिली.

डेपोच्या यंत्राची तारीख ठरली. धाकटी आयुष्यात पहिल्यांदा पेरणीची वाट लहान मुलासारखी बघत होती, आणि नेमकं तेव्हाच तिचं पोट दुखायला लागलं. आधी तिनं ओवा खाल्ला, मग गरम पाण्याची पिशवी झाली, मग एका सकाळी चुलीपाशीच खाली बसली ती उठलीच नाही. शहरातल्या हॉस्पिटलात डॉक्टरनं पित्ताशयात खडे आहेत म्हणून सांगितलं आणि ऑपरेशन ठरलं. थोरली जाऊ फोनवर म्हणाली, "रानातले वेचायचे बंद केलेस म्हणून पोटात साठवलेस होय गं?" धाकटीला हसू आलं आणि हसल्यावर आणखी दुखलं.

हॉस्पिटलातली खोली हिरव्या पडद्यानं दोन भागांत केलेली होती. पलीकडची बाई दिवसभर कण्हायची आणि मध्येच चांगल्या आवाजात फोनवर कुणालातरी झापायची. धाकटा पलंगाशेजारच्या लोखंडी खुर्चीत बसून असायचा. खुर्ची कुरकुरू नये म्हणून अंग चोरून बसायचा आणि म्हणून ती जास्तच कुरकुरायची. ऑपरेशन झालं, खडे एका छोट्या बाटलीत घालून दाखवले, टाके पडले. धाकटी शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोलली असेल तर, "यंत्राची तारीख पुढे ढकललीत का?"

"ढकलली," धाकटा म्हणाला. "दोरीचा फोन आला होता. तब्येत विचारत होता."

"चांगला माणूस आहे," धाकटी म्हणाली. "यंदा काड उरलं तर देऊ त्याला थोडं."

धाकटा खिडकीकडे बघत होता.

घरी न्यायला दोरीच आपली व्हॅन घेऊन आला. धाकटीला पुढे बसवली, पाठीमागे उशी दिली, खड्ड्याखड्ड्याला गाडी जवळजवळ थांबवून चालवली. टाके दुखू नयेत म्हणून. एवढं तिच्या सख्ख्या भावानं केलं नसतं. धाकटा मागच्या सीटवर औषधांची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. गावाच्या अलीकडे एक वळण होतं, तिथून त्यांचं रान आधी दिसायचं आणि घर मागून. वळणावर दोरीनं गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"बघा, वहिनी."

धाकटीनं बघितलं. रान तपकिरी झालं होतं. वरच्या बांधापासून रस्त्यापर्यंत सऱ्याच सऱ्या, एकीला एक चिकटून, सुतासारख्या सरळ. काड कुठे नावाला नव्हतं. ते सगळं उलटून खाली गेलं होतं आणि खालचं सगळं वर आलं होतं. उन्हात ठिकठिकाणी पांढरे दगड चमकत होते.

"कोणी केलं हे?" तिनं विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"मी आणि थोरल्यांनी. दोघांनी दोन ट्रॅक्टर घातले, दुपारपर्यंत हातावेगळं केलं." दोरी खूश होता. "आभार मानायचे नाहीत, आधीच सांगतो. शेजारी कशाला असतात? आम्ही काय आंधळे आहोत? तीन वर्षं बघतोय. धाकट्याची कंबर गेली तेव्हाच करायला हवं होतं हे, पण म्हटलं त्याला वाईट वाटेल. आता तुम्हीही दवाखान्यात म्हटल्यावर राहवेना."

"कंबर?" धाकटी म्हणाली.

"आता आमच्यापासून काय लपवायचं? ट्रॅक्टरवर बसवत नाही बिचाऱ्याला. भाड्याचं यंत्र आणून नांगरटीशिवाय कसंबसं पेरून घेता, ते दिसत नाही का आम्हाला? मी फोन केला, म्हटलं करून टाकू का रान? तर हा बरं म्हणाला. आवाज एकदम भरून आला होता त्याचा."

धाकटीनं मान वळवून मागे बघितलं. टाक्यांना ताण बसला तरी वळवली. धाकटा बाहेरच्या विजेच्या खांबाकडे असा बघत होता, की तो खांब आजच तिथे रोवला असावा.

तिला ओरडायचं होतं. पण दोरीचा चेहरा समोर होता, पाठीमागची उशी त्याच्या घरची होती. भीक नको पण कुत्रा आवर, असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण कुत्रा बिचारा प्रेमानं शेपूट हलवत होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

"बरं झालं," ती म्हणाली.

दोरीनं त्यांना दारात सोडलं, औषधांची पिशवी आत ठेवली, उद्या चहाला येतो म्हणाला आणि गेला. धाकटा लगबगीनं पलंगावरची चादर झटकू लागला. एवढी चादर त्यानं लग्नापासून कधी झटकली नव्हती.

"कंबर," धाकटी दारातच उभी राहून म्हणाली.

"अगं, आधी पड जरा. टाके ओले आहेत."

"टाके माझे आहेत, मी बघते. तुमची कंबर कधी गेली?"

धाकटा चादरीचं टोक धरून उभा राहिला. मग पलंगाच्या कडेवर बसला. "पहिल्या वर्षी दोरीनं विचारलं, रान का पडलंय म्हणून. मी म्हटलं, जरा कंबर धरलीय. एवढंच म्हटलं मी. पुढचं सगळं त्यांनीच वाढवलं."

"आणि तुम्ही वाढू दिलंत."

"मग काय सांगायचं?"

"नांगरत नाही म्हणून सांगायचं. खर्च परवडत नाही, गरजही नाही, म्हणून नांगरत नाही. यात अवघड काय आहे?"

"हसले असते."

"हसू द्यायचं. मला हसतच होते की."

"तुला कोणी हसत नव्हतं," धाकटा म्हणाला. तो खरं बोलत होता आणि त्याला वाटत होतं की हे ऐकून तिला बरं वाटेल. "उलट सगळे म्हणायचे, बिचारी किती करते. आजारी नवऱ्याला सांभाळून रानही सांभाळते."

धाकटी खुर्चीवर बसली. दुकानदारीण, दूधवाला, थोरल्या दिराची हलणारी मान, जावेनं पुढे केलेली खुर्ची, सगळं तिला आता लख्ख कळलं. तीन वर्षं ती समजत होती की लोक तिच्या रानाकडे बघताहेत. नावं ठेवत असतील, पण बघताहेत. कोणी बघितलंच नव्हतं. त्यांना दिसत होती एक दुखरी कंबर, जी कधी दुखलीच नव्हती. हसले असते तर बरं झालं असतं. हसायलासुद्धा आधी नीट बघावं लागतं.

"आणि फोनवर? ते नांगर घालतो म्हणाले तेव्हा?"

"तुला आत नेलं होतं," धाकटा म्हणाला. "दार लावून घेतलं होतं त्यांनी. मी बाहेर एकटा. दोरी म्हणाला, काळजी करू नको, रानाचं आम्ही बघतो. तेव्हा मी त्याला काय काडाचं आणि गांडुळांचं सांगत बसू? माझ्या तोंडून बरं निघून गेलं. नंतर वाटलं फोन करावा. पण ते तोवर लागले असतील म्हणून..."

धाकटीला त्याचा राग आला आणि त्याच वेळी त्या बंद दाराबाहेरचा तो तिला दिसला, त्यामुळे राग धड रागही राहिला नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. याच्यापेक्षा शत्रू बरा, त्याला निदान मनसोक्त शिव्या देता येतात.

"उद्या येताहेत ते," ती म्हणाली. "दोरी पुढच्या वर्षीही करून देतो म्हणणार, तुम्ही बघाच. तेव्हा सांगायचं."

"आता कसं सांगू? एवढं राबलेत बिचारे."

"म्हणूनच सांगायचं. नाही सांगितलंत तर दरवर्षी राबतील."

"बरं," धाकटा म्हणाला, आणि धाकटीनं डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोरी आला, थोरला दीर आला आणि थोरली जाऊ डब्यात बिस्किटं घालून घेऊन आली. धाकटीला कुणी उठू दिलं नाही. चहा जावेनंच केला. बसल्या बसल्या आधी डॉक्टरांचं झालं, मग पलीकडच्या पलंगावरच्या बाईचं, मग खड्यांचं. थोरल्यानं बाटली उजेडात धरून बघितली आणि त्याच्या मते खडे काही फार मोठे नव्हते.

"दगडांची चिंता करू नकोस," जाऊ म्हणाली. "मी आणि दोरीची बायको दोन दिवसांत वेचून टाकू. तू वाकायचं नाहीस. घमेली आणलीत मी, बाहेर ठेवलीत."

धाकटीला गलबलून आलं. त्या बाईची पाठ तिच्यापेक्षा आठ-दहा वर्षं जुनी होती, आणि ती पुन्हा वाकणार होती, तेही प्रेमानं.

"आणि पुढच्या वर्षी पेरणीच्या आधीच येतो आम्ही," दोरी म्हणाला. "आता ठरलंच ते. धाकट्यानं रानात पाऊल टाकायचं नाही. काय थोरले?"

"ठरलं," थोरला म्हणाला.

धाकटीनं नवऱ्याकडे बघितलं. धाकट्यानं कप उचलला. चहा प्याला. कप रिकामा झाला तरी तो प्यायचा थांबेना. मग म्हणाला, "तुम्हाला उगाच त्रास."

"त्रास कसला?"

"नाही म्हणजे, डिझेलही महाग झालंय."

"तुझ्यापेक्षा महाग आहे का?"

हा माणूस ताकाला जाऊन भांडं लपवतोय आणि दिवसभर लपवत बसेल, हे धाकटीला दिसत होतं. तिच्या जिभेवर सगळं आलं होतं. पण ती बोलली तर ते पुन्हा तिचंच होणार होतं, धाकटीचं खूळ. यांनी बोलायला हवं होतं. तिनं दात आवळले आणि नवऱ्यावरची नजर काढली नाही.

धाकट्यानं कप खाली ठेवला. "पुढच्या वर्षी नको," तो म्हणाला.

"का?"

"आम्ही नांगरत नाही."

जावेनं धाकटीकडे बघितलं. धाकटा मान खाली घालून पुढे म्हणाला, "कंबर बरी आहे माझी. पहिल्यापासून बरीच होती. आम्ही ठरवून नांगरत नव्हतो."

दोरीनं कान खाजवला. "असं होय," तो म्हणाला. "मग सांगायचं ना, लेका. माझं डिझेल तरी वाचलं असतं."

आणि त्यानं बिस्कीट उचललं. झालं, एवढंच. ना कोणी हसलं, ना कोणी उठून गेलं. ज्या गोष्टीला भिऊन हा माणूस तीन वर्षं कंबर धरून बसला होता, ती गोष्ट एका बिस्किटात मिटली. धाकटीला वाटलं, चहाची किटली उचलावी आणि भिंतीवर फेकावी.

"पण नांगरल्याशिवाय पेरता कसं?" थोरल्यानं विचारलं. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं. "उगवतं ते?"

"उगवतं की," धाकटा म्हणाला. आणि मग तो बोलायला लागला. काड का ठेवायचं, त्यानं ओल कशी टिकते, पहिल्या वर्षी तण का येतं आणि नंतर का हटतं, गांडुळं जमिनीत कशा वाटा करतात आणि पाणी त्या वाटांनी कसं मुरतं. धाकटी बघत राहिली. हे सगळं तिचं बोलणं होतं. जेवताना, कॅन विसळताना, दिवा मालवल्यावर ती जे बोलायची आणि तो 'बरं' म्हणायचा, त्यातला शब्दही त्यानं सांडला नव्हता. तिच्यापेक्षा तो चांगलं सांगत होता. दोरी पुढे सरकून बसला होता. थोरल्यानं दोनदा मध्ये प्रश्न विचारले आणि दोन्हींची उत्तरं धाकट्यानं बरोबर दिली. 'आमचं रान' म्हणताना त्याची मानसुद्धा वर आली होती.

"नुसतं ऐकून नाही कळायचं," तो उठत म्हणाला. "डोळ्यांनीच बघा. खुरपं टेकवलं की कसं आत जातं ते. चला, दाखवतो."

दोरी उठला, थोरलाही उठला. धाकटा पुढे होऊन दारापर्यंत गेला, एका पायात चप्पल घातली आणि तसाच उभा राहिला. उघड्या दारातून समोर ते तपकिरी रान दिसत होतं, दोरीच्या सरळ रेघांचं. तो दुसरी चप्पल घालेना.

"काय झालं?" थोरल्यानं मागून विचारलं.

दोरीनं धाकट्याच्या खांद्यावरून बाहेर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हातातलं उरलेलं बिस्कीट त्यानं खिशात टाकलं आणि कुणाकडेही न बघता परत येऊन खाली बसला.

"बसा सगळे," धाकटी म्हणाली. "चहा आहे अजून."